एका घरात तीन पासपोर्ट: कुणाला व्हिसा, कुणाला ईटीए, कुणाला काहीच नको

डिचोलीच्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. ते स्वतः आणि त्यांची ७२ वर्षांची आई भारतीय पासपोर्टवर आहेत. धाकट्या भावाने काही वर्षांपूर्वी पोर्तुगीज नागरिकत्व घेतले, पण तो राहतो डिचोलीतच, ओसीआय कार्डावर, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्यांना मिळणाऱ्या कार्डावर. बहीणही पोर्तुगीज. ती लग्नानंतर इंग्लंडात स्विंडनला स्थायिक झाली, नवरा इंग्रज, मुलगा ९ वर्षांचा. दिवाळीनंतर डिचोलीतले हे तिघे तिच्याकडे तीन आठवडे जाणार, मग सगळे मिळून पाच दिवस लिस्बन पाहणार आणि लिस्बनहून तिघे गोव्यात परत. पुढे शिगम्याला मेव्हणे भाच्याला घेऊन गोव्यात येणार. “ईटीए, ईईएस, एटियास, ई-अरायव्हल ही नावे ऐकून डोके गरगरते. नक्की कुणी काय भरायचे?”

म्हापशात तिकिटे आणि व्हिसाचे काम करत मला चोवीस वर्षे झाली. असा गुंता मला आठवड्याला दोनदा तरी पाहावा लागतो. गोव्यात तो असणारच. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा दरवाजा उघडा राहिला, त्यामुळे एकाच घरात, एकाच जेवणाच्या टेबलावर वेगवेगळ्या देशांचे नागरिक बसतात. पूर्वी यामुळे फारसे अडत नव्हते. आता अडते.

आधी एक सवय मोडा. “लंडनला जायला काय लागते?” हा प्रश्न विचारणे सोडा. “या पासपोर्टवर लंडनला जायला काय लागते?” असे विचारा, आणि घरातल्या प्रत्येक पासपोर्टसाठी वेगळे विचारा. भावाला जे लागू ते तुम्हाला नाही, तुम्हाला जे लागू ते भाच्याला नाही. नव्या पद्धतीत परवानगी माणसाला मिळत नाही, पासपोर्टच्या नंबराला मिळते. आणि ती तपासली जाते लंडनच्या किंवा लिस्बनच्या विमानतळावर पोचल्यावर, ही समजूतही जुनी झाली. ती तपासली जाते इथे, तुम्ही बॅग वजनाला ठेवता त्या काउंटरवर. काउंटरवरची मुलगी तुमचा पासपोर्ट मशीनवर ओढते, त्यावरचा नंबर, नाव, जन्मतारीख त्या देशाच्या यंत्रणेकडे जाते आणि काही सेकंदांत उत्तर येते, चढवा किंवा चढवू नका. परवानगी नसलेला प्रवासी नेला तर दंड विमान कंपनीला होतो, तेव्हा ती मुलगी तुमची कितीही ओळखीची असली तरी बोर्डिंग पास छापणार नाही. ब्रिटनची सीमा आता मोपाच्या किंवा मुंबईच्या विमानतळावर येऊन उभी आहे असे समजा.

हे कसे घडते ते एकदा जवळून पाहिले आहे. पेडण्याकडचा एक मुलगा, लंडनमध्ये मावशीकडे निघालेला, पोर्तुगीज पासपोर्ट. त्याने ईटीए, म्हणजे ब्रिटनची इलेक्ट्रॉनिक प्रवास परवानगी, वेळेत काढला होता, मला मेलही दाखवला होता. मधल्या काळात पासपोर्ट संपत आला म्हणून नवा करून घेतला आणि मला सांगायचे राहिले. रात्री अडीचला फोन, “बाब, काउंटरवर नाही म्हणतात.” ईटीए जुन्या नंबरावर, हातात नवा पासपोर्ट. मी अंथरुणात बसून त्याला सांगत होतो, मोबाइलचे जाड कव्हर काढ, पासपोर्ट बाकावर सपाट ठेव, फोन त्याच्यावर टेकव आणि हलवू नकोस, चिप वाचली जाऊ दे. चौथ्या प्रयत्नाला चिप वाचली गेली. अर्ज गेला, पैसे गेले. मंजुरी आली, पण काउंटर बंद होऊन वीस मिनिटे झाली होती. तिकीट वाया. त्या दिवसापासून मी गिऱ्हाइकाच्या फाइलवर पासपोर्ट नंबर लाल शाईने लिहितो आणि निघण्याच्या आदल्या दिवशी फोन करून तो त्याच्याकडून वाचून घेतो.

आता तुमच्या घरातले एकेक.

भाऊ. ब्रेक्झिटपूर्वी पोर्तुगीज पासपोर्ट हातात असला की गोंयकार सरळ लंडनला जाऊन कामाला लागे. ते दिवस २०२० च्या अखेरीस संपले. त्यानंतरही फिरायला जायला काही लागत नव्हते. मग २ एप्रिल २०२५ पासून युरोपीय नागरिकांनाही ईटीए लागू झाली. सुरुवातीला काउंटरवाले थोडे सैल होते. २५ फेब्रुवारी २०२६ पासून ती सैलाई संपली, परवानगी नाही तर विमानात पाऊल नाही. भावाने फोनवर यूके ईटीएचे सरकारी अ‍ॅप घ्यावे, पासपोर्ट आणि चेहरा स्कॅन करावा, गुन्ह्यांबद्दलच्या प्रश्नांना खरी उत्तरे द्यावीत. बहुतेकांना उत्तर त्याच दिवशी येते, तरी तीन कामाचे दिवस धरावेत. मी तर पंधरवडा धरायला सांगतो. शुल्क १० पौंड होते, एप्रिल २०२५ मध्ये १६ झाले. भरताना सरकारी पानावर जो आकडा दिसेल तो द्यायचा. परवानगी दोन वर्षे चालते, किंवा पासपोर्ट संपेपर्यंत, जे आधी येईल ते. एका वेळी सहा महिन्यांपर्यंत राहता येते. काम मात्र करता येत नाही. स्विंडनला गेल्यावर “दोन महिने गोदामात हात मार” असे कुणी सुचवले तर भावाने कानाआड करावे. आणि पोर्तुगीज सिटिझन कार्ड खिशात आहे म्हणून पासपोर्ट घरी ठेवू नये. ब्रिटनमध्ये शिरायला त्या कार्डाचा उपयोग ऑक्टोबर २०२१ पासून बहुतेकांसाठी बंद आहे.

लिस्बनला उतरल्यावर मात्र भाऊ राजा. तो युरोपीय संघाचा नागरिक आहे, त्याला ईईएस (पाहुण्यांच्या ये-जा नोंदीची यंत्रणा) नाही, एटियास (ईटीएसारखी युरोपची परवानगी) नाही, १८० दिवसांत नव्वदच दिवस राहण्याचा हिशोब नाही. तुम्ही रांगेत उभे असाल आणि तो पलीकडे कॉफी पीत असेल, याची मनाची तयारी ठेवा. गोव्यात परतताना त्याच्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड, दोन्ही हवेत. कार्ड घरातल्या कपाटात आणि माणूस लिस्बनच्या काउंटरवर, असे झाले तर तिथेही “चढवू नका” हेच उत्तर येते. पासपोर्ट नवा केला असेल तर त्याची माहिती ओसीआयच्या पोर्टलवर चढवली आहे की नाही तेही आत्ताच पाहून घ्या. लोक हे विसरतात, कारण इतकी वर्षे कुणी फारसे विचारत नव्हते.

एक गोष्ट मध्येच सांगून टाकतो, कारण भावाच्या मनात ती येईलच. पोर्तुगीज पासपोर्टवर अमेरिकेलाही व्हिसा लागत नाही, ईएस्टा, म्हणजे त्यांची ऑनलाइन परवानगी, पुरतो. त्याचे शुल्क ३० सप्टेंबर २०२५ पासून २१ वरून ४० डॉलर झाले. पण १ मार्च २०११ नंतर इराण, इराक, सीरिया, सुदान, लिबिया, सोमालिया, येमेन किंवा उत्तर कोरियात पाय ठेवला असेल तर सहसा ईएस्टा मिळत नाही, रीतसर व्हिसा काढावा लागतो. आपल्याकडे आखातात नोकरी केलेले बरेच. दुबई-मस्कतवाल्यांना अडचण नाही. कंपनीने वर्षभरासाठी इराकमधल्या बसऱ्याला पाठवलेला फिटर मात्र इथे अडकतो.

आता तुम्ही आणि आई. तुमच्यासाठी ईटीए नाही, एटियासही नाही. ही दोन्ही प्रकरणे ज्यांना व्हिसा लागत नाही त्यांच्यासाठी आहेत. भारतीय पासपोर्टला ब्रिटनचा व्हिसा वेगळा आणि शेंगेनचा, म्हणजे पोर्तुगाल धरून युरोपातल्या २९ देशांचा एकत्र व्हिसा, वेगळा, एकावर दुसरीकडे जाता येत नाही. “भावाने सोळा पौंडांत काम केले, आम्हालाही तेच काढून द्या” म्हणून माझ्याकडे येऊन बसणारे असतात. पणजीच्या पासपोर्ट कार्यालयातून आता चिप असलेला ई-पासपोर्ट मिळतो, तो हातात आला की काहींना वाटते आपलीही गाडी फास्ट लाइनला लागली. चिपमुळे पासपोर्ट खरा आहे हे चटकन कळते, इतकेच. व्हिसा सुटत नाही. डिजियात्राचेही तसेच. ती देशांतर्गत विमानांसाठी आहे, इमिग्रेशनशी तिचा संबंध नाही.

क्रम लक्षात घ्या. ब्रिटनचा व्हिसा प्रवासाच्या तीन महिने आधीपासून मागता येतो, शेंगेनचा सहा महिने आधीपासून. पहिल्या नजरेला शेंगेन आधी उरकावेसे वाटेल. पण तुमचा मार्ग ब्रिटनमधून लिस्बनला जातो, मग पोर्तुगालचा अधिकारी विचारणारच की तुम्ही लंडनला पोचणार कसे. म्हणून आधी ब्रिटन, ऑगस्टच्या मध्याला. तो हातात आला की लगेच पोर्तुगाल. दोन्ही भारतातूनच. स्विंडनला बसून शेंगेनचा अर्ज करू हा विचार सोडा, तिथे पाहुणे म्हणून गेलेल्याचा अर्ज साधारणपणे घेत नाहीत. शेंगेनचे शुल्क मोठ्यांना ९० युरो, वर अर्ज केंद्राचा सेवा आकार. किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतो, आईच्या वयाला तो जरा महाग पडेल, पण तो स्वस्तातला घेऊ नका. आधी कधी शेंगेनला जाऊन आला असाल तर जुना पासपोर्ट जोडा. एप्रिल २०२४ पासून भारतात राहणाऱ्यांसाठी नियम सैल झाला आहे, मागच्या तीन वर्षांत दोन व्हिसे घेऊन नीट वापरले असतील तर दोन वर्षांचा, अनेकदा जाता येईल असा व्हिसा मिळू शकतो.

ब्रिटनचा व्हिसा पूर्वी पासपोर्टात चिकटवलेल्या स्टिकरच्या रूपात हाती यायचा. डोळ्यांनी दिसायचा, आईच्या शब्दांत सांगायचे तर “छापून आला” की देवासमोर ठेवता यायचा. आता तो ई-व्हिसा होत चालला आहे, म्हणजे पासपोर्टात काहीच दिसत नाही, सगळे यूकेव्हीआयच्या, म्हणजे ब्रिटनच्या व्हिसा विभागाच्या, ऑनलाइन खात्यात. आणि इथे माझी एक चूक सांगतो. सुरुवातीला मी सवयीने सगळ्या अर्जांवर ऑफिसचा ईमेल आणि ऑफिसचा मोबाइल टाकत होतो. गिऱ्हाइकाला त्रास नको, हा हेतू. मग एक बाई हीथ्रोला उतरल्या, पुढे मुलीच्या घरी काहीतरी दाखवायला खाते उघडायला गेल्या आणि ओटीपी आला म्हापशाच्या बंद ऑफिसातल्या ड्रॉवरमधल्या फोनवर. रविवार होता. मला स्कूटर काढून जावे लागले. आता मी नियम केला आहे, ईमेल आणि नंबर प्रवाशाचाच, नसेल तर घरातल्या अशा माणसाचा जो सोबत जाणार आहे. तुम्ही सायबर कॅफेत भरा की माझ्यासारख्याकडे, आईच्या खात्याला तुमचा नंबर घाला, आणि तो परदेशात चालू राहील अशी सोय करूनच निघा.

आईच्या बोटांचे ठसे हा एक वेगळाच अध्याय. दोन्ही व्हिशांना दहाही बोटे द्यावी लागतात, वय जास्त म्हणून सूट नाही. सत्तरीपुढच्या आपल्या बायकांच्या बोटांवर रेषा उरलेल्या नसतात. काहींनी आयुष्यभर भट्टीवरच्या काजूबिया फोडलेल्या, त्या टरफलातल्या तेलाने बोटांची कातडी पुन्हा पुन्हा सोललेली. वाळपईकडच्या एका आजींबरोबर मी केंद्रात गेलो होतो. काचेवर चार बोटे ठेवली की लाल दिवा. पुन्हा लाल. केंद्रातल्या मुलीने ओल्या कागदाने बोटे पुसली, पुन्हा लाल. शेवटी आजींनी आपणच पदराने काच पुसली, बोटे जोराने दाबली, आणि मशीनने उजव्या हाताची तेवढी घेतली. डावा अंगठा सातव्यांदा. त्यानंतर मी सगळ्या वयस्करांना सांगतो, आठवडाभर आधीपासून रात्री बोटांना खोबरेल किंवा व्हॅसलीन लावा, भांडी दुसऱ्या कुणाला घासू द्या, साबण-सोड्यात हात घालू नका, आणि केंद्रात जाताना हात मात्र स्वच्छ धुऊन, कोरडे करून न्या. मेंदी नको. ठसे एकदा नीट लागले की शेंगेनसाठी ५९ महिने तेच पुन्हा वापरता येतात, म्हणून या एका सकाळीला थोडा वेळ द्या.

लिस्बनच्या विमानतळावर तुम्हा दोघांना ईईएस भेटेल. हे युरोपचे प्रवेश-निर्गम नोंदीचे यंत्र. १२ ऑक्टोबर २०२५ ला टप्प्याटप्प्याने सुरू झाले आणि १० एप्रिल २०२६ ही ते पूर्णपणे लागू करण्याची तारीख ठरली होती. शेंगेनचे २९ देश त्यात आहेत. आयर्लंड आणि सायप्रस नाहीत. पासपोर्टावर शिक्का मारण्याऐवजी तुमचा चेहरा, पासपोर्ट आणि तारीख नोंदली जाते. तुम्ही व्हिसावाले, तुमचे ठसे व्हिशाच्या वेळीच त्यांच्याकडे गेलेले असतात, म्हणून सीमेवर सहसा फोटो तेवढा काढतात. याला फी नाही, आधी कुठला अर्ज नाही. “ईईएसची ऑनलाइन नोंदणी करून देतो, माणशी तीन हजार” असे कुणी म्हणाले तर त्याला चहा पाजून परत पाठवा. नोंद तीन वर्षे राहते, आणि मुदतीत बाहेर पडल्याची नोंद सापडली नाही तर पाच. जुन्या काळी शिक्का पुसट होता, अधिकारी घाईत होता, एखादा दिवस इकडेतिकडे झाला तर खपून जायचे. आता दिवस मोजायला यंत्र बसले आहे. जहाजावर काम करणाऱ्या आपल्या तारवट्यांचे नियम मात्र वेगळे आहेत, ते इथे लावू नका.

आता लिस्बनबद्दल एक इशारा. या नव्या नोंदणीमुळे तिथे इतक्या लांब रांगा लागल्या की डिसेंबर २०२५ च्या अखेरीस पोर्तुगाल सरकारने त्या विमानतळावरची ईईएस नोंदणी तीन महिन्यांसाठी थांबवली होती. तेव्हा उतरल्यावर दोन तासांत दुसरे काही ठरवू नका. परतीच्या दिवशी तर बाहेर पडतानाही नोंद होते, म्हणून नेहमीपेक्षा तासभर आधी विमानतळ गाठा. आईसाठी तिकिटावर व्हीलचेअर लिहून घ्या. ७२ वर्षांच्या बाईला रांगेत उभे करण्यात काही मोठेपणा नाही, आणि व्हीलचेअरबरोबर येणारा माणूस रस्ता जाणतो.

बहिणीला ब्रिटनमध्ये सेटल्ड स्टेटस, म्हणजे युरोपीय नागरिकांना दिलेला कायम राहण्याचा हक्क, असणार, तिला ईटीए लागत नाही. तिने एकच करायचे, सध्याचा पासपोर्ट तिच्या यूकेव्हीआय खात्याला जोडलेला आहे ना हे पाहायचे. जुना नंबर राहिला असेल तर लिस्बनहून परतताना काउंटरवरच्या पडद्यावर ती परकी दिसेल. पेडण्याच्या मुलाचीच गोष्ट, फक्त दुसऱ्या विमानतळावर.

मेव्हणे इंग्रज, म्हणून आपल्या देशात जायला त्यांना काही नको. पण लिस्बनला जाताना तेच आता परके पाहुणे. ईईएसमध्ये चेहरा आणि चार बोटे द्यावी लागणार. एटियास त्यांना लागेल, पण कधीपासून, हे नीट ऐका. युरोपीय संघाने २०२६ ची शेवटची तिमाही सांगितली आहे, आणि सुरुवातीला सवलतीचा काळ ठेवला आहे. शुल्क आधी ७ युरो ठरले होते, ते २० केले. मुदत तीन वर्षे. १८ वर्षांखालच्यांना आणि ७० वर्षांवरच्यांना फी माफ. बायको पोर्तुगीज म्हणून मेव्हण्यांनाही फी माफ होऊ शकते, अर्ज मात्र चुकत नाही. यंत्रणा सुरू व्हायच्या आधीच एटियासचे पैसे घेणाऱ्या वेबसाइटी कधीच्या दुकान मांडून बसल्या आहेत, अगदी निळा झेंडा आणि पिवळे तारे लावून. पत्ता कशात संपतो ते पाहा. युरोपचा खरा पत्ता युरोपा डॉट ईयूमध्ये संपतो, ब्रिटनचा गव्ह डॉट यूकेमध्ये, भारताचा गव्ह डॉट इनमध्ये. शोधयंत्रात वर दिसणारी पहिली ओळ बहुतेक वेळा जाहिरात असते, ती सोडून खाली या.

आणि आता भाचा. तुमच्या प्रश्नात त्याच्याबद्दल जेमतेम अर्धी ओळ आहे, पण माझ्या मते तुमच्या घरातला खरा खड्डा इथे आहे. तुम्ही लिहिले आहे की त्याच्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट आणि ओसीआय आहे. ब्रिटिश पासपोर्ट अजून काढलेला नाही, “गरज पडली नाही म्हणून”. त्याचा बाप ब्रिटिश आहे आणि मुलगा स्विंडनला जन्मला, म्हणजे तो जन्मापासूनच ब्रिटिश नागरिक आहे, पासपोर्ट काढलेला असो वा नसो. ब्रिटिश नागरिकासाठी ईटीए नसतो. पोर्तुगीज पासपोर्टवर ईटीए नाही, आणि ब्रिटिश असल्याचा पुरावाही हातात नाही, अशा अवस्थेत लिस्बनच्या काउंटरवर हा नऊ वर्षांचा पोरगा आपल्याच घरी जायला अडकू शकतो. २५ फेब्रुवारी २०२६ पर्यंत हे कुणी फारसे पाहत नव्हते. त्या तारखेनंतर दुहेरी नागरिकांनी ब्रिटिश पासपोर्ट दाखवावा, किंवा ब्रिटनमध्ये राहण्याच्या हक्काचे प्रमाणपत्र काढून घ्यावे, असे ठरले. ते प्रमाणपत्र फेब्रुवारी २०२६ मध्ये ५८९ पौंडांना पडत होते. मुलाचा पासपोर्ट त्याच्या मानाने किती तरी स्वस्त, म्हणून बहिणीला आजच फोन करा आणि भाच्याच्या ब्रिटिश पासपोर्टचा अर्ज टाकायला सांगा. “पोर्तुगीज पासपोर्टवर ईटीए मागून बघू, मिळाला तर मिळाला” असा जुगाड काही जण सुचवतात. मी सुचवणार नाही, कारण अर्जात इतर नागरिकत्व विचारलेले असते आणि तिथे खोटे लिहावे लागते.

पुढे त्याने दोन्ही पासपोर्ट जवळ ठेवायचे. लिस्बनला शिरताना आणि तिथून निघताना सीमेवर पोर्तुगीज, म्हणजे ईईएसची भानगड नाही. लंडनच्या विमानाच्या काउंटरवर आणि ब्रिटनच्या सीमेवर ब्रिटिश. तिकिटावरचे नाव दोन्हीकडे सारखे आहे ना ते बघा. आपल्या लोकांच्या पोर्तुगीज कागदांत आजोबांच्या काळचे स्पेलिंग घुसलेले असते. मी एकाच भावंडांत ‘नाईक’ तीन प्रकारे लिहिलेले पाहिले आहे.

हे झाले जाण्याचे. शिगम्याला येणाऱ्यांचे पाहू.

ई-व्हिसा गोव्याला नवा नाही. २७ नोव्हेंबर २०१४ ला तो सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ विमानतळांत दाबोळी होता. त्याआधी चार्टर विमानांनी येणारे परदेशी घामाघूम होऊन छोट्या कार्डावर पेन मागत लिहीत बसायचे, ते दृश्य मी डोळ्यांनी पाहिले आहे. आता दाबोळी आणि मोपा दोन्हीकडे ई-व्हिसावर उतरता येते. मेव्हण्यांनी ३० दिवसांचा, एक वर्षाचा किंवा पाच वर्षांचा ई-पर्यटन व्हिसा घ्यावा. वर्षाआड येणारा जावई आहे, पाच वर्षांचा घेतलेला परवडतो. ब्रिटिश पासपोर्टला त्यावर एका वेळी १८० दिवसांपर्यंत राहता येते. फोटो चौकोनी, पाठीमागे पांढरे, चष्मा काढून. पासपोर्टचा नंबर टाइप करताना इंग्रजी ओ आणि शून्य यांत गल्लत करू नये. एका अक्षराने चुकलेला व्हिसा हा दुसऱ्याच कुणाचा व्हिसा असतो. लग्नाला, म्हणजे नोंदणी झालेल्या लग्नाला, दोन वर्षे होऊन गेलेली आहेत आणि बहिणीकडे ओसीआय आहे, तेव्हा मेव्हण्यांनी स्वतःच ओसीआयला अर्ज करायला काय हरकत आहे, हेही एकदा घरात बोलून घ्या.

शिवाय १ ऑक्टोबर २०२५ पासून ई-अरायव्हल कार्ड आले आहे. व्हिसावर येणाऱ्या मेव्हण्यांनी विमान उतरण्याच्या आधीच्या ७२ तासांत ते ऑनलाइन भरायचे. फुकट आहे, कागद जोडावे लागत नाहीत, आणि तो व्हिसा नव्हे. गोव्यातला पत्ता विचारतात, तिथे तुमच्या घराचा पूर्ण पत्ता पिनसह लिहून मेव्हण्यांना आत्ताच पाठवा. “डिचोली, देवळाकडे” चालणार नाही.

राहता राहिला सी-फॉर्म. १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा, २०२५ लागू झाला, १९२० पासूनचे चार जुने कायदे गेले, पण लोकांच्या तोंडी अजून सी-फॉर्मच आहे. परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांत त्याची ऑनलाइन नोंद द्यायची. मोरजी-हरमलचे होमस्टेवाले हे जाणतात, कारण पोलिस येऊन विचारतात. मात्र ही नोंद हॉटेलांपुरती नाही, खासगी घरात परदेशी पाहुणा ठेवणाऱ्यालाही ती सांगितली आहे. “आमचाच जावई, त्याचे कसले रजिस्टर?” असे आई म्हणेल. म्हणू द्या. एफआरआरओच्या, म्हणजे परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाच्या, संकेतस्थळावर तुमच्या घराच्या नावाने आधी खाते उघडावे लागते, त्याला मंजुरी मिळाल्यावरच नोंद टाकता येते. जावई दारात उभा आणि तुम्ही पासवर्ड शोधत बसलेले, असे नको. फेब्रुवारीतच ते खाते उघडून ठेवा, आणि जावई आला की आरती ओवाळून झाल्यावर आधी त्याच्या पासपोर्टचा आणि व्हिशाच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून घ्या.